पुसलेल्या फोटोचा माग

फोनमधला एखादा फोटो चुकून डिलीट झाला की बहुतेकांची पहिली धाव प्ले स्टोअरकडे असते. तिथे ‘फोटो रिकव्हरी’ असं टाकलं की ॲपची रांग लागते आणि प्रत्येकाचं म्हणणं साधारण एकच असतं: तुमचा फोटो फोनच्या पोटात कुठेतरी शाबूत आहे, आम्ही तो खणून काढतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फोनपुरतं हे बरंचसं खरं होतं. आज आपल्या हातात जे फोन आहेत, त्यांच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच खरं नसतं. ‘डिलीट केलेली, पण चिपमध्ये अजून पडून असलेली फाइल’ ही जी मधली अवस्था होती, जिच्यावर हा सगळा धंदा उभा राहिला, तीच आता उरलेली नाही. आजच्या फोनमध्ये फाइल एकतर खऱ्या अर्थाने डिलीट झालेलीच नसते, नुसती बाजूला ठेवलेली असते आणि दोन-चार वेळा बोट टेकवून परत आणता येते. नाहीतर ती त्या फोनमधून कायमची गेलेली असते, आणि मग शोधायची ती तिची दुसरी प्रत, दुसऱ्या जागी. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण दोन्हीकडे मुदत चालू असते. रिकव्हरी ॲपच्या नादात जे दिवस जातात, नेमक्या त्याच दिवसांत फोटो सहज मिळाला असता.

ती मधली अवस्था मुळात आली कुठून, ते आधी पाहू. संगणकाच्या जुन्या डिस्कवर आणि मेमरी कार्डांवर ‘फॅट’ नावाची फाइल-व्यवस्था असे. कार्डांवर तिचे वारसदार आजही नांदतात. या व्यवस्थेत फाइलचं नाव, आकार आणि सुरुवातीची जागा एका यादीत नोंदलेली असते, आणि प्रत्यक्ष मजकूर डिस्कवर दुसरीकडे असतो. फाइल डिलीट केली की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे ई-५ हा सांकेतिक आकडा टाकला जातो आणि फाइलने अडवलेली जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. मजकुराला कोणी हात लावत नाही. कारण साधं आहे: मोठी फाइल खरोखर पुसायची तर जवळपास ती लिहायला लागतो तेवढाच वेळ घालवावा लागेल, आणि तो घालवून मिळवायचं काय? पुढे कधीतरी त्या जागी नवी फाइल येईल, तेव्हा जुनी आपोआप जाईल. तोवर, म्हणजे कधी काही मिनिटं तर कधी काही वर्षं, मजकूर जिथल्या तिथे राहतो. म्हणून नावांच्या यादीकडे दुर्लक्ष करून सगळी डिस्क पहिल्या बाइटपासून वाचत जायचं, जेपीईजी फोटोची सुरुवात सांगणारे एफएफ-डी८-एफएफ हे तीन बाइट दिसले की तिथून फोटो उचलायचा, ही युक्ती चालते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर हेच करतं आणि फार चांगलं करतं. गेलेली फाइल परत मिळते ही आपली समजूत अशा साधनांनी घडवलेली आहे, आणि त्या साधनांपुरती ती बरोबरही आहे.

फोनमधली साठवण मात्र फिरणारी तबकडी नव्हे. ती नँड फ्लॅश जातीची चिप असते. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या या तंत्राची एक विचित्र अट आहे. पाटीवर एकेक ओळ लिहिता यावी, पण पुसायची वेळ आली की अख्खी पाटीच पुसावी लागावी, तशी ही चिप चालते. लिहायचं ते काही किलोबाइटांच्या पानांत, पुसायचं ते अशा शेकडो पानांच्या ठोकळ्यात. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी तो ठोकळा पुसावा लागतो; आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच पुसला जाऊ शकतो, पुढे तो झिजून निकामी होतो. त्यामुळे चिपसोबत एक छोटा नियंत्रक असतो. कुठलं पान चालू, कुठलं बाद, कुठला ठोकळा कमी झिजलेला, याचा हिशेब तो अखंड ठेवतो. पूर्वी त्याची अडचण अशी होती, की फाइल डिलीट झाल्याचं त्याला कोणी कळवतच नसे. त्याच्या लेखी ती पानं कामाचीच असत, म्हणून साफसफाई करताना तो तीही जपून इकडून तिकडे हलवत राही, आणि फोन दिवसेंदिवस मंद होत जाई. यावर तोडगा निघाला तो ‘ट्रिम’ या आज्ञेचा: ही पानं आता कुणाचीच नाहीत, सोयीने पुसून टाक. गुगलने २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ पासून ही आज्ञा फोनमध्ये नियमित चालवायला सुरुवात केली. रात्री फोन चार्जिंगला लावलेला आहे, कोणी वापरत नाही, अशी वेळ साधून ती आपोआप चालते. जी मोकळी जागा पूर्वी वर्षानुवर्षं जुना मजकूर सांभाळत पडून राहायची, ती आता फोन स्वतःच बहुधा एक-दोन रात्रींत झाडून काढतो. हेतू वेग टिकवण्याचा होता. जुन्या पद्धतीच्या रिकव्हरीचा पाया त्यात निघून गेला.

कोणी म्हणेल, की रात्र व्हायच्या आत फोन बंद केला आणि चिप काढून थेट प्रयोगशाळेत नेली तर? शंका रास्त आहे. २०११ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकातल्या फ्लॅश डिस्क उघडून त्यांच्या चिप थेट वाचल्या होत्या आणि दाखवून दिलं होतं, की एकेक फाइल पुसण्याच्या तेव्हाच्या पद्धतींनी चिपवर तिचे अवशेष मागे राहतात. फोनच्या बाबतीत हा रस्ता बंद केला तो एन्क्रिप्शनने, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर लिहिण्याने. आयफोनमध्ये प्रत्येक फाइल तयार होताना तिच्यासाठी २५६ बिटांची नवी किल्ली तयार होते, आणि ती किल्ली आणखी वरच्या किल्ल्यांनी कुलूपबंद होऊन फाइलच्या नोंदीत राहते. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनवर एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या फोनवर फाइलनिहाय एन्क्रिप्शन असणं बंधनकारक ठरलं. कुठे फाइलगणिक किल्ली वेगळी असते, कुठे किल्ली एकच असून कुलपाची फिरकी फाइलच्या नोंदीतल्या क्रमांकावर बदलते. तपशील कुठलाही असो, चिपवर जे प्रत्यक्ष लिहिलेलं असतं त्यात एफएफ-डी८-एफएफ कुठेच दिसत नाही. दिसतो तो अर्थहीन बाइटांचा सलग प्रवाह. फाइलची नोंद गेली की तो प्रवाह कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कशाने उघडायचा, हे सांगणारा दुवाच तुटतो.

रिकव्हरी ॲपची अडचण तर याच्याही बऱ्याच आधी सुरू होते. अँड्रॉइडवर साधं ॲप चिपवरच्या कच्च्या बाइटांपर्यंत पोहोचूच शकत नाही. ‘सगळ्या फाइल्स पाहण्याची परवानगी’ दिली तरी त्याला दिसतात त्या फाइल-व्यवस्थेने दाखवलेल्या, म्हणजे डिलीट न झालेल्या फाइल. खालच्या थरापर्यंत जायचं तर फोन ‘रूट’ करावा लागतो, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवावा लागतो. रूट करायचा तर सहसा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो. आणि बूटलोडर उघडला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, कारण चोराला हाच मार्ग वापरता येऊ नये अशी ती रचना मुद्दाम केलेली आहे. म्हणजे वाट जिथे पोहोचवायला हवी, तिथे पोहोचेपर्यंत पोहोचण्यासारखं काही उरत नाही. यावर लोक सांगतात, की ॲपने तर हजारो फोटो काढून दाखवले. दाखवतं, हे खरंच आहे. पण ते बारकाईने पाहिले तर बहुतेक वेळा त्यात व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले चालू फोटो असतात, ट्रॅशमध्ये ठेवलेले असतात, आणि निरनिराळ्या ॲपनी गॅलरी भरभर दिसावी म्हणून बनवून ठेवलेल्या चिमुकल्या प्रती असतात. जुन्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणारा थंबनेल्स नावाचा लपलेला फोल्डर असे आणि मूळ फोटो गेल्यावरही त्यातली चिमुकली प्रत राहून जाई. नखाएवढ्या आकाराचा अंधुक फोटो हातात देऊन ‘पूर्ण आकारासाठी पैसे भरा’ म्हणणाऱ्या ॲपजवळ पूर्ण आकाराचा फोटो नसतोच.

आता जिथे खरोखर शोधायचं, त्या जागेकडे येऊ. अँड्रॉइडमध्ये संगणकासारखी सगळ्यांची मिळून एक कचरापेटी नाही, ही गोंधळाची मोठी गोष्ट आहे. गुगल फोटोजचा ट्रॅश वेगळा, सॅमसंगच्या गॅलरीचा वेगळा, फाइल्स ॲपचा वेगळा, ड्राइव्हचा वेगळा. ज्या ॲपमधून फोटो डिलीट केला, त्याच ॲपच्या ट्रॅशमध्ये आधी पाहायचं; एकात दिसला नाही म्हणून नाही, असं होत नाही. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून खुद्द व्यवस्थेतच ट्रॅशची सोय आली आणि तिची रीत बघण्यासारखी आहे. फोटो जिथे आहे तिथेच राहतो, फक्त त्याचं नाव बदलतं. आधी एक टिंब, म्हणजे फाइल लपलेली. मग रोमन अक्षरांत ट्रॅश्ड हा शब्द. मग एक दहा आकडी संख्या. आणि मग मूळ नाव. समजा ती संख्या १७३५६८९६०० आहे. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले हे सेकंद आहेत आणि ते येऊन थांबतात २०२५ च्या १ जानेवारीला, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला. ही त्या फोटोच्या अंताची वेळ. मुदत ३० दिवसांची, तेव्हा तो २ डिसेंबर २०२४ ला डिलीट केला गेला. फोटोच्या नावातच त्याची तारीख लिहिलेली असते आणि ती उलटली की फोन फुरसतीच्या वेळी फाइल खरी डिलीट करतो. फाइल मॅनेजरमध्ये ‘लपलेल्या फाइल दाखवा’ हा पर्याय चालू केला तर अशी नावं डोळ्यांनी पाहता येतात. त्या तारखेपर्यंत फोटो पूर्ण आकाराचा, मूळ दर्जाचा, जसाच्या तसा असतो.

गुगल फोटोजमध्ये मुदत दोन प्रकारची आहे. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. तो परत आणला की गॅलरीत आणि ज्या अल्बममध्ये होता त्या अल्बममध्येही परत जागेवर बसतो. आयफोनमध्ये २०१४ च्या आयओएस ८ पासून ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाचा अल्बम आहे; त्यात ३० दिवस खात्रीचे, आणि ॲपलच्याच सांगण्यानुसार पूर्ण पुसलं जायला ४० दिवसांपर्यंत लागू शकतात. आयओएस १६ पासून तो अल्बम चेहऱ्याने किंवा पासकोडने उघडावा लागतो, म्हणून काहींना तो रिकामा किंवा गायब झाल्यासारखा वाटतो. संपर्क हरवले असतील तर गुगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात, आणि आयक्लाउडच्या संकेतस्थळावर संपर्क, कॅलेंडर व फाइल मागे नेण्याची वेगळी सोय आहे, जी फोनच्या पडद्यावर सहजी नजरेस पडत नाही.

पुष्कळ फोटो मात्र एका गैरसमजामुळे जातात: सिंक म्हणजेच बॅकअप, हा तो समज. गुगल फोटोज ॲपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तर तो फोनवरून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्याच खात्याच्या टॅबलेटवरूनही जातो. ‘क्लाउडवर आहे की’ म्हणून फोन मोकळा करायला एकेक फोटो निवडून डिलीट करणारा माणूस दोन्ही प्रती एकाच वेळी गमावत असतो. फोनची जागा मोकळी करण्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळं बटण आहे. ते फक्त फोनवरची, आधीच बॅकअप झालेली प्रत काढतं. उलट, फोनच्या मूळ गॅलरी ॲपमधून डिलीट केलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर गुगल फोटोजमध्ये तो अनेकदा तसाच सापडतो, म्हणून तिथे ब्राउझरमधून जाऊन पाहणं हे कुठल्याही रिकव्हरी ॲपपेक्षा कितीतरी फळणारं काम आहे. आणखी दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. बॅकअप चालू केला तरी तो मुळात कॅमेऱ्याच्या फोल्डरचा असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो त्यात हवे असतील तर तो फोल्डर वेगळा निवडावा लागतो. आणि १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधले नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात. ती जागा भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती बाजूला सारली जाते, आणि महिन्यांनंतर फोटो शोधताना कळतं, की त्या तारखेनंतरचं क्लाउडवर काहीच नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात फोटोंच्या सर्वांत जास्त प्रती असतात त्या व्हॉट्सॲपवर, आणि नेमकं तिथे लोक शेवटी पाहतात. आपण पाठवलेल्या फोटोची प्रत पाठवणाऱ्याच्याच फोनवर ‘सेंट’ या उपफोल्डरात राहते. नव्या अँड्रॉइडवर हा सगळा संसार अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, अशा वाटेने सापडतो. कॅमेऱ्यातला मूळ फोटो गेला तरी इथली प्रत राहिलेली असू शकते. ती आकाराने कमी केलेली असते, छापायला कमी पडेल, पण फोटो असतो. समोरच्याकडेही तीच प्रत असते, तेव्हा लग्नाचा किंवा बारशाचा फोटो गेला असेल तर घरच्या ग्रुपवर एक निरोप टाकणं हा पहिल्या तासात करायचा उपाय आहे. मजकुराची गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनला फोनवरच एक कुलूपबंद बॅकअप बनवतं आणि असे साधारण सात दिवसांचे बॅकअप ठेवतं. आज दुपारी डिलीट झालेला संवाद पहाटेच्या बॅकअपमध्ये असतो. पण तो परत आणायचा तर ॲप काढून पुन्हा बसवावं लागतं आणि बॅकअपनंतर आलेले निरोप हातचे जातात. कुठला तोटा मोठा, हे ठरवूनच त्या वाटेला जावं, आणि जायचं ठरलंच तर आधी तो डेटाबेसचा फोल्डर संगणकावर उतरवून ठेवावा, कारण आठव्या दिवशी जुनी प्रत उरत नाही.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या प्रयोगशाळा डिलीट केलेले निरोप बाहेर काढतात, हे आपण बातम्यांत वाचतो. मग परत आणणं अशक्य कसं? ते खोटं नसतं, पण त्यातला बारकावा पाहायला हवा. निरोप ही स्वतंत्र फाइल नसते. फोनमधले एसएमएस, संपर्क, व्हॉट्सॲपचे संवाद हे सगळं एसक्यूलाइट या, २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहिलेल्या, छोट्या डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं. एक निरोप डिलीट केला म्हणजे हजारो ओळींच्या त्या फाइलमधली एक ओळ काढली. फाइल जिवंतच असते, तिची किल्ली जिवंत असते, आणि काढलेल्या ओळीची जागा डेटाबेस ‘रिकामी’ म्हणून नोंदून ठेवतो. बाइट ताबडतोब शून्य करण्याची सोय त्यात आहे, पण ती चालू आहे की नाही हे ॲप बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. शिवाय ताज्या बदलांची वेगळी नोंदवही, मुख्य फाइलच्या बाजूला, काही काळ तशीच राहते. म्हणजे जी मधली अवस्था फाइलच्या पातळीवरून नाहीशी झाली, ती फाइलच्या आत, ओळींच्या पातळीवर, थोडीफार टिकून आहे. सेलेब्राइटसारख्या इस्रायली कंपनीची उपकरणं वापरणाऱ्या प्रयोगशाळा इथेच काम करतात, आणि तेही फोन उघडता आला तर. कुलूपबंद फोनमधून काढलेली चिप त्यांनाही फारशी उपयोगाची नसते. अनेकदा तर पुरावा त्या फोनमधून येतच नाही. तो समोरच्याच्या फोनमधून येतो, किंवा क्लाउडवरच्या बॅकअपमधून. ही वाट सामान्य माणसाला खुली नाही, कारण व्हॉट्सॲपची मुख्य डेटाबेस फाइल दुसऱ्या ॲपला वाचता येत नाही. त्याच्या आवाक्यातली एक छोटी गोष्ट आहे: अँड्रॉइड ११ पासून सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ आहे. ती आधीपासून चालू असेल तर गेल्या २४ तासांत आलेल्या सूचनांचा मजकूर तिथे वाचता येतो, पाठवणाऱ्याने मागाहून निरोप काढून टाकला असला तरी. घटना घडून गेल्यावर चालू केली तर मागचं काही मिळत नाही.

दुसरा आक्षेप आयफोनवाल्यांचा. मे २०२४ मध्ये आयओएस १७.५ आल्यावर काहींच्या फोनमध्ये पूर्वीच डिलीट केलेले फोटो अचानक पुन्हा दिसू लागले, आणि ‘ॲपल काहीच पुसत नाही’ अशी ओरड झाली. २० मे रोजी आलेल्या १७.५.१ मध्ये ॲपलने कारण दिलं, की डेटाबेस बिघडलेले काही फोटो, डिलीट केलेले असूनही, फोटो ॲपमध्ये पुन्हा दिसत होते. म्हणजे ॲपच्या यादीतून फोटो गेला होता, पण यादीतल्या बिघाडामुळे त्याची फाइल पुसली जायची राहून गेली होती. ज्यांच्या बाबतीत ते घडलं त्यांच्यासाठी ही गंभीर चूक होती, यात शंका नाही. पण पुसलेल्या बाइटांतून फोटो उभा राहिला, असं तिथे झालं नव्हतं. आयफोनमध्येही दिसून येतं ते हेच, की परत दिसणारी फाइल ही न पुसलेली फाइल असते.

खरा अपवाद आहे तो मेमरी कार्डाचा. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड घालता येतं आणि कॅमेऱ्याचे फोटो त्यावर जातात, तिथे जुनं जग अजून शाबूत आहे. कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून जोडलेलं नसेल तर त्यावर एन्क्रिप्शन सहसा नसतं, फाइल-व्यवस्था फॅटच्या घराण्यातली असते, आणि डिलीट केलेला फोटो पुढची फाइल त्यावर बसेपर्यंत तिथेच असतो. इथे घाई उपयोगाची आहे आणि ती योग्य दिशेने करायला हवी. फोन लगेच बंद करून कार्ड काढायचं. त्या फोनवर एकही नवा फोटो काढायचा नाही, रिकव्हरी ॲप तर बसवायचंच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या फाइल त्याच कार्डावर उतरू शकतात. कार्ड रीडरमधून ते संगणकाला जोडायचं, फोटोरेक किंवा रिकुवासारखं साधन चालवायचं आणि सापडलेलं सगळं संगणकाच्या डिस्कवर ठेवायचं, परत कार्डावर नाही. फोटोरेक नावं परत देत नाही, नुसते क्रमांक देतं. हजारभर फाइलींतून आपला फोटो डोळ्यांनी शोधावा लागतो. तेवढी तयारी असेल तर शहरातल्या दुकानदाराला त्यासाठी हजारो रुपये द्यायची गरज नाही. दुकानदार कार्डाच्या बाबतीत हेच करतो, आणि फोनच्या अंतर्गत साठवणीबद्दल तो तीच हमी देत असेल तर ती स्वीकारू नये. चालू न होणाऱ्या फोनची गोष्ट निराळी. बोर्ड दुरुस्त करून फोन पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड आठवत असेल तर त्यातला डेटा मिळतो, कारण तो कधी डिलीट झालेलाच नव्हता.

शेवटचा प्रश्न मनात येणं स्वाभाविक आहे: हाताच्या एका चुकीची इतकी मोठी शिक्षा का असावी? कंपन्यांनी परतीची वाट मोकळी ठेवायला काय हरकत होती? याचं उत्तर त्या काळात मिळतं, जेव्हा ती वाट मोकळी होती. २०१४ मध्ये अवास्ट या कंपनीने ईबेवरून २० वापरलेले अँड्रॉइड फोन विकत घेतले. आधीच्या मालकांनी ते पुसून विकले होते, तरी त्यांतून ४०,००० हून अधिक फोटो निघाले. त्यात लहान मुलांचे होते आणि अंगावर पुरेसे कपडे नसलेल्या बायकांचेही होते. अवास्ट सुरक्षा सॉफ्टवेअर विकते, तेव्हा तिचा त्यात स्वार्थ होता असं म्हणता येईल. पण पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरां सिमों आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ फोन तपासून अँड्रॉइड २.३ ते ४.३ मधलं फॅक्टरी रीसेट किती पोकळ होतं ते दाखवलं. रीसेटनंतरही फोटो, निरोप आणि आधीच्या मालकाच्या गुगल खात्यात शिरण्याची किल्ली त्यांना मिळवता आली, आणि अशी अपुरी सफाई होणारे फोन ५० कोटींपर्यंत असावेत असा त्यांचा अंदाज होता. जी पोकळी आपल्याला हरवलेला फोटो परत देते, तीच अनोळखी माणसाला आपला विकलेला फोन वाचू देते. दोघांसाठी वेगवेगळी चिप बनत नाही. आपल्याकडे जुने फोन एक्सचेंजमध्ये जातात, घरकामाच्या बाईंच्या मुलाला दिले जातात, गावाकडे पाठवले जातात. त्या प्रत्येक हस्तांतरात आजचं एन्क्रिप्शन बायकामुलांची अब्रू राखतं. बारशाचा एखादा फोटो गेल्याचं दुःख मी कमी लेखत नाही, पण निवड करायची तर ही निवड योग्य झाली असं मला वाटतं. फोटोला दुसऱ्या प्रतीचा आधार देता येतो, बाहेर गेलेल्या फोटोला परत बोलावता येत नाही.

म्हणूनच आजचं फॅक्टरी रीसेट काही मिनिटांत उरकतं: १२८ जीबी साठवण पुसत बसण्याऐवजी फोन फक्त किल्ल्या नष्ट करतो आणि उरलेला प्रवाह अर्थहीन होतो. त्यानंतर कुठलीही प्रयोगशाळा त्या फोनमधून काही देऊ शकत नाही. क्लाउडवरचं मात्र खात्याशी बांधलेलं असतं, फोनशी नाही. फोन विकल्यावर आठवण झाली, की विकण्याच्या आदल्या आठवड्यात डिलीट केलेल्या फोटोंत हवे असलेले फोटोही गेले, तर नव्या फोनवर त्याच खात्याने आत जाऊन गुगल फोटोजचा ट्रॅश उघडावा. बॅकअप झालेले असतील तर ६० दिवसांच्या आत ते तिथे असतात. व्हॉट्सॲपचा फोल्डर कुठे उतरवून ठेवला नसेल आणि त्याचा गुगल खात्यावरचा बॅकअपही बंद असेल, तर ते फोटो ज्यांना पाठवले किंवा ज्यांनी पाठवले, त्यांच्याकडेच मागावे लागतात.